पाचपैकी तीन

पदरचे पैसे घालून स्वतःची कादंबरी काढणारे लेखक आमच्या मराठवाड्यात पूर्वीही होते. पण छापलेल्या प्रतींपैकी बहुतेक त्यांच्याच पलंगाखाली राहत असल्यामुळे परीक्षकाच्या जिवाला फारसा धोका नसे. 2016 च्या डिसेंबरात ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तके आली, छपाईचा खर्च वाचला, आणि मराठीचा हा निवृत्त शिक्षक अद्भुतरम्य कादंबऱ्या खरोखरच आवडीने वाचतो, ही बातमी लातूरभर झाली. तेव्हापासून परिसरातला प्रत्येक मांत्रिक, राक्षस आणि हरवलेला राजपुत्र पीडीएफच्या रूपाने माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन थडकतो, आणि मागोमाग निरोप येतो, ‘सर, वाचून तारे द्या. घाई नाही, उद्यापर्यंत चालेल.’

या कादंबऱ्यांच्या आरंभी नकाशा असतो आणि नकाशाच्या उत्तरेला हिमपर्वत असतातच. त्याच 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात बसून लेखक पानेच्या पाने बर्फ पाडतो. त्या बर्फात मला साहित्यापेक्षा तहान अधिक दिसते, त्यामुळे बर्फाचे गुण मी सहसा कापत नाही.

शुद्धलेखनाचे मात्र कापावे लागतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार डोक्यावरून घसरून अक्षराच्या मागे जाऊन पडतो आणि सूर्यकेतू नावाचा उमदा नायक ‘सूयर्केतू’ होऊन लढू लागतो. हे एका लेखकाच्या कानावर घातले, तेव्हा ती पाताळातली बोली असल्याचे त्यांनी शांतपणे सांगितले. पहिल्याच पानावर ‘सवर् हक्क राखीव’ असे होते. तेही पाताळातच राखून ठेवले आहेत का, हे विचारायचे मी टाळले.

हे लेखक म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले कृषी सेवा केंद्राचे मालक. त्यांच्या कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात ढगांचा एक व्यापारी येतो. मृग कोरडा गेलेल्या राज्यात तो उधारीवर ढग देतो, वहीत अंगठे घेतो आणि पाऊस झाला की वसुलीला निघतो. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याच्या शेतावरचा ढग दोरी लावून ओढून नेतो, आणि जाताना त्याच्याच बायकोकडे तांब्याभर पाणी मागतो. उधारीची वही जन्मभर हाताळलेल्या माणसालाच हे सुचू शकते. या प्रकरणाला मी डोळे मिटून पाच तारे दिले असते. पण पाचव्या प्रकरणात ड्रॅगन आला, बर्फ पडू लागला आणि व्यापारी जो गेला तो परत आलाच नाही. मी ॲमेझॉनवर आणि गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर तीन तारे दिले आणि त्या व्यापाऱ्यावर सविस्तर लिहिले.

गुडरीड्सवर तीन ताऱ्यांचा अर्थ ‘आवडले’ असा ठरलेला आहे. परंतु ती व्यवस्था लावणाऱ्यांनी दहावी-बारावीच्या गुणांसाठी गाजलेला लातूर पॅटर्न पाहिलेला नसावा. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, आणि दहावीला साठ टक्के पडलेल्या मुलाच्या घरी आमच्याकडे लोक पेढे खायला जात नाहीत, समजूत घालायला जातात. दुसऱ्या दिवशी सकाळीच मालक दारात उभे. ‘सर, कुठं कमी पडलं ते तरी सांगा. पुरवणी लावतो की!’

त्यांची समजूत घालावी म्हणून मी त्यांना आपल्याच पैठणच्या गुणाढ्याची कथा सांगितली. त्याने रानात शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची अद्भुतकथा लिहिली. सातवाहन राजाने ती पैशाची, म्हणजे पिशाचांच्या, भाषेतली म्हणून झिडकारली, म्हणजे एकही तारा दिला नाही. मग गुणाढ्याने अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो ते जाळू लागला. ऐकता ऐकता जनावरे चरायची विसरली आणि वाळली. राजाच्या ताटातले मांस निःसत्त्व झाले, तेव्हा चौकशी होऊन राजा धावत आला, तोवर सहा लाख श्लोकांची राख झालेली होती. एवढ्या मोठ्या लेखकावर असा प्रसंग आला, तर तीन ताऱ्यांचे दुःख ते काय, असा माझा रोख होता.

मालकांनी कथा मन लावून ऐकली आणि त्यातला व्यवहार तेवढा उचलला. ‘म्हणजे राजाचं मत शेवटी मटणावरून बदललं म्हणा की! रविवारी या घरी जेवायला.’

मी नियमाचा आधार घेतला. ॲमेझॉनवर नातेवाइकांना आणि जवळच्या मित्रांना परीक्षण लिहिता येत नाही. आपले असे जाणे-येणे वाढले तर आहेत ते तीन तारेही काढून टाकतील, असे त्यांना गंभीरपणे सांगितले.

‘त्याची नका काळजी करू सर,’ ते चपला पायात सरकवत म्हणाले, ‘तुम्ही जवळचे असता तर तीन दिले असते का?’