‘टी’ हा शब्द कॅथरीनच्या पेट्यांवरून आलेला नाही

सध्या एक मजकूर फिरतो आहे: पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन लग्नात मुंबई आंदण घेऊन इंग्लंडला गेली, तिनेच तिथे चहा नेला, आणि पेट्यांवरच्या ‘ट्रान्सपोर्ते द एर्वास अरोमातिकास’ या पोर्तुगीज शब्दांच्या (अर्थ: सुगंधी वनस्पतींची वाहतूक) T, E, A या आद्याक्षरांवरून ‘टी’ शब्द झाला.

मुंबईचं आंदण खरं आहे. १६६१च्या करारात ते लिहिलेलं आहे. बाकीचं तारखांशी जुळत नाही. कॅथरीन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली १६६२च्या मे महिन्यात. लंडनच्या एका कॉफीगृहाने चहाची जाहिरात वर्तमानपत्रात दिली ती सप्टेंबर १६५८मध्ये, आणि तीत ‘चा’, ‘टे’, ‘टी’ ही तिन्ही नावं आहेत! लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स यानेही २५ सप्टेंबर १६६०च्या रोजनिशीत पहिल्यांदा ‘टी’ मागवून प्यायल्याची नोंद केली आहे.

आद्याक्षरांची गोष्ट तर मुळातच उभी राहत नाही, कारण खुद्द पोर्तुगीज लोक चहाला ‘शा’ म्हणतात. चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव बंदरात त्यांच्या कानावर तिथल्या कँटनी बोलीतला ‘चा’ पडला. डचांनी मात्र चीनच्याच फुजियान भागातल्या बोलीतला ‘टे’ उचलला. १६१०च्या सुमारास युरोपात चहा आणू लागलेले तेच, म्हणून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या भाषांत ‘टे’चीच रूपं रुजली. आपला ‘चहा’ त्या दुसऱ्या, ‘चा’च्या घराण्यातला.

कॅथरीनचं श्रेय वेगळं आहे आणि ते तिला द्यायलाच हवं: तिच्यामुळे इंग्लंडच्या दरबारात चहाला मान मिळाला.