खुलासा : बिलावरच्या त्या ओळीबद्दल
‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलं असेल तर ग्राहकाला काहीच करता येत नाही, हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला, चूक झाली. नंतर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून वाचला. कलम २(४७) प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. मिक्सर पहिल्याच दिवशी जळला, तर ती छापील ओळ आड येत नाही. साडीचा रंग घरी आल्यावर आवडला नाही, हा मात्र दोष नव्हे. बिल जपून ठेवा. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तो मेसेज कृपया थांबवा, जिथे पाठवला तिथे हा टाका.