पस्तिसाव्या दिवशी पिल्लू? अजिबात नको

परवा रात्री ताईचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा मेसेज आला, "हे वाच रे, बरोबर आहे ना? रविवारी पिल्लू आणायला चाललोय." खाली तो फॉरवर्ड. 'घरगुती ब्रीडरकडून लॅब किंवा गोल्डन घेताय? या सहा गोष्टी तुम्हाला कोणी सांगणार नाही', आणि शेवटी जोडलेले हात. (लॅब म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्रा, गोल्डन म्हणजे गोल्डन रिट्रीव्हर, आणि घरगुती ब्रीडर म्हणजे घरातच पिल्लं वाढवून विकणारा.) मला हा प्रकार आधी तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा मी न पाहिल्यासारखं केलंय. पण या वेळी रविवार चार दिवसांवर होता आणि ताईचं पिल्लू त्या दिवशी मोजून ३४ दिवसांचं असणार होतं. म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा जसाच्या तसा: "पिल्लू ३० ते ३५ दिवसांचं असतानाच घरी आणा. नंतर ते आईचं होऊन बसतं, मग त्याला तुमचा लळा लागत नाही."

सहा मुद्द्यांतला हा सगळ्यात घातक, आणि नेमका हाच लोकांना मनापासून पटतो, कारण इवलंसं पिल्लू हातात मावतं आणि कुशीत झोपतं. अहो, ते झोपतं कारण ते तान्हं आहे! चौथ्या आठवड्याच्या आसपास त्याला सुईसारखे दात आलेले असतात आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंत ते एकच अभ्यास करत असतं, तो म्हणजे किती जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून निघून जातो. भावंडाचा कान जोरात धरला की ते किंचाळतं आणि खेळ बंद. आईला दात लागले की ती गुरगुरते, उठून जाते. हे आपल्याला शिकवता येत नाही असं नाही, पण आई आणि सात-आठ भावंडं दिवसभर जे शिकवतात ते आपण ऑफिसमधून आल्यावर एका तासात काय शिकवणार? त्यात रिट्रीव्हर ही जातच तोंडाने जगणारी, दिसेल ती वस्तू उचलून आणणं हेच तिचं मूळ काम. ज्याचं तोंड सतत चालतं त्याला तोंड हलकं ठेवायची शाळा जास्त लागते की कमी?

आमच्याकडचा पहिला लॅब ३२व्या दिवशी आलेला, तेव्हा आम्हालाही असंच कोणीतरी सांगितलं होतं. मोजा उचलून सोफ्याखाली जायचा आणि हात घातला की गुरगुरायचा, जेवताना जवळून कोणी गेलं तरी अंग ताठ. आम्ही म्हणायचो स्वभावच तसा आहे. असेलही, एका कुत्र्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं.

म्हणून हे बघा. २०११ साली व्हेटर्नरी रेकॉर्ड या जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला. १४० मोठे कुत्रे, त्यातले ७० तीस ते चाळीस दिवसांचे असताना आईपासून काढलेले आणि ७० दोन महिन्यांनी. लवकर काढलेल्यांमध्ये जास्तीचं भुंकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, आवाजांना दचकणं, खेळणं आणि खाणं राखत बसणं, वस्तूंची नासधूस, हे सगळं जास्त दिसलं. माहिती मालकांनी सांगितलेली आहे, हे मान्य. पण उलट बाजूला काय आहे? एक फॉरवर्ड आणि जोडलेले हात.

आता अर्धं खरं काय तेही सांगतो, नाइलाजाने. माणसाची ओळख लवकर व्हावी लागते हे खरंच आहे. १९६१ साली अमेरिकेत छापून आलेला जुना प्रयोग आहे, उंच कुंपणाच्या शेतात पिल्लं माणसांपासून लांब वाढवली, वेगवेगळ्या वयात त्यांना एकेक आठवडा माणसांत आणलं, आणि ज्यांना १४ आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही ती जवळजवळ रानटी झाली होती. म्हणजे माणसाशी ओळख होण्याची ही खिडकी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडते आणि बारा-चौदाव्यापर्यंत मिटत जाते. पण त्यासाठी पिल्लू आईपासून तोडायची गरज कुठे आहे? माणसं ब्रीडरच्या घरात आहेतच की! मिक्सर वाजतोय, पोरं पळतायत, बेल वाजतेय, आजोबा शिंकतायत आणि शेजारी आई झोपलेली आहे म्हणून पिल्लू निर्धास्त आहे. घरगुती ब्रीडरकडे जायचं ते पाचव्या ते आठव्या या तीन आठवड्यांसाठीच. ते सोडून ३४व्या दिवशी पिल्लू उचलणार असाल तर घरगुती काय आणि पिंजऱ्यातलं काय, फरक काय राहिला? खरं कारण मला विचाराल तर सरळ आहे. पाचव्या आठवड्यात आईचं दूध आटत जातं, पिल्लं बकाबका खायला लागतात आणि घरभर शी-शू, तो सगळा भुर्दंड आणि ती साफसफाई ब्रीडरवर पडते. लळ्याचं नाव पुढे करून ती तुमच्याकडे ढकलली जाते.

दुसरा मुद्दा: "घरचे आई-बाप डोळ्यांसमोर ठणठणीत दिसतात, मग टेस्ट कशाला? त्या शोवाल्यांसाठी." हे वाचून डोकंच फिरलं. खुब्याचा सांधा सैल असलेला कुत्रा तरुणपणी मजेत पळू शकतो, हा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेजिया, एक्स-रेमध्ये दिसतो, अंगणात नाही. लॅबमध्ये ईआयसी म्हणून एक आजार आहे, जोरात खेळता खेळता पाच-पंधरा मिनिटांत मागचे पाय लटपटतात आणि कुत्रा कोसळतो. त्याचा जीन २००८ साली सापडला, डीएनए टेस्ट होते. आई-बाप दोघेही नुसते वाहक, म्हणजे सदोष जीनची एकच प्रत बाळगणारे, असले तर आयुष्यभर ठणठणीत दिसणार, आणि त्यांच्या प्रत्येक पिल्लाला मात्र चारात एक शक्यता. दोघांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे रिपोर्ट, डोळ्यांची तपासणी, डीएनए रिपोर्ट, हे मागा. वंशावळीचा कागद पुढे केला तर तो ठेवून घ्या, पण त्यावर आजोबांचं नाव असतं, खुबा नसतो. रिपोर्ट असूनही पुढे त्रास होऊ शकतो, खुबा बऱ्याच जीन्सवर आणि वजनावरही अवलंबून असतो. तरी मागा.

तिसरा: "आईला बघायचा हट्ट करू नका, ती चिडते." पहिले दोन-तीन आठवडे बाहेरच्यांना आत घेत नाहीत ते योग्यच, तिला ताण आणि पिल्लांना संसर्ग नको. पण सातव्या आठवड्यातही आई दाखवत नसतील तर एकतर ती तिथे नाहीच किंवा तिचा स्वभाव दाखवण्यासारखा नाही. दोन्हीकडून तुम्ही चप्पल घालून निघायचं.

चौथा, "सगळे डोस होईपर्यंत दाराबाहेर काढू नका." लसीचा शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास होतो, म्हणजे वर सांगितलेली खिडकी मिटल्यावर. पार्व्हो हा विषाणू भयंकर आहे आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे अनोळखी कुत्रे फिरतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही, एवढं बरोबर. पण कडेवर घेऊन रस्ता दाखवायला, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याला भेटवायला काय हरकत आहे? अमेरिकेतली प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारी डॉक्टरांची संघटना तर पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा झाला की पपी क्लासला पाठवा म्हणते. तुमच्या डॉक्टरांना विचारा, फॉरवर्डला नको.

पाचवा, "कोपऱ्यात शांत बसलेलं पिल्लू निवडा." ते आजारी असेल, घाबरलेलं असेल, नाहीतर नुकतंच जेवलं असेल. दोनदा जाऊन बघा.

सहावा, "रोज गाईचं दूध पाजा." त्यातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. पुढे बोलायची गरज नाही.

हे सगळं ताईला एवढ्या शब्दांत नाही सांगितलं, फोनवर बरंचसं ओरडूनच सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी ब्रीडरला विचारलं. आईचे एक्स-रे आहेत म्हणाला, बापाचे मागवून देतो. आणि पिल्लू ५६व्या दिवशी न्या, पण वरच्या तीन आठवड्यांच्या खाण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील. ताईने मला विचारलं, देऊ का? म्हटलं, आनंदाने दे.