आकड्यांशिवाय पोट भरेल अशी लाइन

गणिताशी माझं कधी भांडण नव्हतं. आम्ही एकमेकांना ओळखच देत नव्हतो. आजोबांनी पावकी, निमकी घोकून घेतली, पण औटकीला, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याला, त्यांनीही हात टेकले. पुढे दहावीत बीजगणित आणि भूमितीने मिळून मला कसंबसं ३५च्या पलीकडे ढकललं आणि मी घरात जाहीर केलं : यापुढे जे काही करीन, त्यात आकडा नसेल.

आत्या म्हणाली, "आर्ट्सला जा, सुटशील." गेलो. मानसशास्त्र घेतलं. माणसाच्या मनाला कुठला आलाय भागाकार? तर तिथे संख्याशास्त्राचा पेपर! मन आधी मोजतात आणि मग ते सरासरीपासून किती ढळलंय तेही मोजतात. या 'प्रमाण विचलना'ची आत्याला कल्पना नव्हती. शेजारच्या काकांनी वकिली सुचवली, पण क्लॅटमध्येही, म्हणजे वकिलीच्या प्रवेशपरीक्षेतही, टक्केवारी-गुणोत्तराचा विभाग दबा धरून असतो. राहिली यूपीएससी. "अरे, पूर्वपरीक्षेतला सीसॅट हा गणित-तर्काचा पेपर २०१५पासून फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के पुरतात," असा धीर एका मित्राने दिला. ज्याच्या घरच्यांनी ३५साठी नवस बोलले, त्याला ही सवलत दोनच गुणांची झाली.

मग अर्थातच "कलेकडे वळ". वळलो. तबल्याच्या क्लासात पहिले काही दिवस सुखाचे गेले. तीनताल सोळा मात्रांचा, झपताल दहाचा, रूपक सातचा. एवढं मोजायला माझी ना नव्हती. पण एके दिवशी गुरुजींनी तिहाई काढली. तोच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा 'धा' बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. 'तिट कत गदि गन धा' या पाच मात्रा, मध्ये एकेका मात्रेचा दम (थांबा), म्हणजे एकूण सतरा. तीनतालात समेपासून उचललं की सतराव्या मात्रेला पुढची सम. इथवर ठीक. "आता दम काढून टाक. कुठून उचलशील?" मी खिडकीबाहेर बघितलं. "पंधरा उरल्या ना? मग तिसरीपासून!" गुरुजी कडाडले. हे त्यांनी डग्ग्यावरची पावडर पुसता पुसता, कागद-पेन न घेता केलं होतं. तबलजी बेहिशेबी असतात ही अफवा कोणी उठवली, कोण जाणे.

कविता तरी? शार्दूलविक्रीडितात ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे विराम. ओवीकडे पळालो, तर ती साडेतीन चरणांची. औटकी यासाठी होती तर! मुक्तछंद मात्र खरोखर मुक्त निघाला. मोजायला काहीच नाही, मानधनसुद्धा.

सध्या भाषांतरं करतो. दर शब्दावर ठरतो. रात्री फाइल बंद करण्याआधी तळाशी दिसणारी शब्दसंख्या बघायची, दराने गुणायची, दहा टक्के टीडीएस वजा करायचा, आणि हे सगळं मी हल्ली तोंडी करतो, तेही पैशापर्यंत. गिऱ्हाईक "राउंड फिगर करून टाकू ना" म्हणालं की मी फोन दुसऱ्या कानाला लावतो आणि सावरून बसतो. त्यांची राउंड फिगर नेहमी खालच्याच बाजूला होते.