‘तमिळ कुणाचा शब्द घेत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तर जरा लांबवतो. तुमचं म्हणणं असं, की परक्या शब्दांना दार लावून घेतल्यामुळेच तमिळ टिकली आणि मी माझ्या लेखात तिला उगाच मराठीच्या पंगतीला बसवून ‘खिचडी’ ठरवलं.

दार लावलेलं कधी नव्हतंच. तोल्काप्पियम हा तमिळचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना व्याकरणग्रंथ. त्यात शब्दांचे चार वर्ग आहेत आणि चौथा आहे ‘वडसोल’, म्हणजे उत्तरेकडचे, मुख्यतः संस्कृत शब्द. ते वापरायला व्याकरणाची हरकत नाही. अट एवढीच, की उत्तरेची अक्षरं बाहेर ठेवून यायचं. तमिळमध्ये शब्दाच्या आरंभी ल चालत नसे, क्ष तर नव्हताच. म्हणून तमिळ कवी कंबनाच्या रामायणात लक्ष्मणाचा ‘इलक्कुवन’ झाला. आपल्याकडेही बोलताना लक्ष्मणाचा लखू होतो, पण लिहायला बसलो की आपण संस्कृतला हात लावायला बिचकतो. कंबन बिचकला नाही.

तमिळमधून परके शब्द हटवणाऱ्या भाषाशुद्धीच्या चळवळीबद्दल तुमचा मुद्दा अर्धा मान्य. १९१६च्या सुमाराला स्वामी वेदाचलम यांनी ‘तनित्तमिळ’ म्हणजे निव्वळ तमिळचा पुरस्कार सुरू केला आणि स्वतःचं नावही बदलून मरैमलै अडिगळ केलं. मरै म्हणजे वेद, मलै म्हणजे पर्वत, अडिगळ म्हणजे स्वामी. नाव अख्खं तेच, फक्त तमिळमध्ये! चळवळीला यश आलं. ‘नमस्कारम्’ मागे पडून ‘वणक्कम’ रुळलं, लेखी तमिळमधले संस्कृत शब्द खूपच कमी झाले. पण काढण्यासारखं इतकं होतं, यावरूनच किती घेतलं होतं ते कळतं. (सावरकरांनी मराठीतून फारसी काढून तिथे संस्कृत बसवलं, यांनी संस्कृतच काढलं. ‘परकं’ कोण, हे भाषेगणिक बदलतं.)

बोलण्यात तर उघडच आहे. कागदावर बसला ‘पेरुंदु’ म्हणतात, थांब्यावर ‘बस’च. आपण ‘फोन कर’ म्हणतो, तिकडे ‘फोन पण्णु’. खिडकीला ‘जन्नल’ म्हणतात, तो पोर्तुगीज. किल्लीला ‘सावी’, तीही पोर्तुगीज, आपल्या चावीची सख्खी बहीण.

तुम्ही दिलेलं हिंदीविरोधाचं उदाहरण मात्र इथे लागू होत नाही. १९३७ साली मद्रास प्रांतातल्या शाळांत हिंदी सक्तीची करायचं ठरलं, १९६५ साली ती केंद्राची एकमेव राजभाषा व्हायची वेळ आली. भांडण सक्तीशी होतं, पुढे नोकऱ्यांत मागे पडण्याच्या भीतीशी होतं. वसूल, बाकी, राजीनामा हे शब्द उत्तरेकडूनच गेलेले. त्यांच्यावरून दंगे झाले नाहीत.

तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या देवळात तमिळ आणि मराठी दोन्ही शेजारी पाहा. चोळांचे तमिळ शिलालेख तर आहेतच, शिवाय १८०३ साली तंजावरच्या मराठा राजांनी, सरफोजींनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा भलामोठा मराठी इतिहासही आहे.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘सांबार’ हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं, असं मी मूळ लेखात ठोकून दिलं होतं. ती ऐकीव गोष्ट आहे. ते वाक्य आजच काढतो.