नणंद-भावजय, मुक्काम समरकंद

उझबेकिस्तानला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी भरपूर सल्ले दिले. थंडीचे, पैशांचे, वन्संच्या शाकाहाराचे. पण नणंदेला बरोबर नेऊ नकोस, असं काही कुणी सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं म्हणा. आमचं दोघींचं छान जमतं. दादरला साड्या घ्यायला आम्ही एकत्र जातो, नाटकाला शेजारी बसतो, आणि माझ्या नवऱ्याच्या आळशीपणाबद्दल आमच्यात कधीही दुमत झालेलं नाही. पण हे तिथल्या बायकांच्या गळी कसं उतरवणार? आपल्या हिंदी मालिका तिकडे उझबेक भाषेत डब होऊन चालतात, आणि त्या बायका त्या मन लावून बघतात. भारतात नणंद कशी असते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक.

सुरुवात ताश्कंदच्या टॅक्सीतच झाली. चालक साठीचा, अंगानं भरलेला. आम्ही भारतीय आहोत हे कळताच त्यानं स्टिअरिंग सोडून छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "राज कपूर!" या देशात माणसाचं वय असंच ओळखावं. राज कपूर म्हणाला तर आजोबा, मिथुन म्हणाला तर पन्नाशीचा, शाहरुख म्हणाला तर कॉलेजातला. पुढे त्यानं लालबहादूर शास्त्रींचं नाव घेतलं, तेव्हा मात्र आम्ही दोघी गप्प झालो. १९६६च्या जानेवारीत ताश्कंद करारावर सही झाली आणि त्याच रात्री शास्त्रीजी इथे गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. मग त्यानं बाबराचा विषय काढला. तोही इथलाच, अंदिजानचा. म्हणजे आपण एकाच घरचे, असं त्याचं म्हणणं. पानिपतचं नाव आल्यावर वन्संचा चेहरा बदलायला लागला. मी हळूच म्हटलं, "वन्सं, ते १५२६चं. आपलं १७६१चं." तेव्हा कुठे त्या सैलावल्या.

एवढी नातेवाईकगिरी झाल्यावर त्यानं गाण्याची फर्माईश केली. मला गाता येत नाही. वन्संना येतं, पण फक्त भोंडल्याचं. त्यांनी ताश्कंदच्या रुंद रस्त्यावर, टाळ्या वाजवत, सासू-नणंदेच्या नावानं बोटं मोडणारं अख्खं गाणं म्हटलं. चालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला बहुतेक ते राज कपूरच्याच कुठल्या तरी पिक्चरमधलं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी अफ्रोसियाब नावाच्या गाडीनं समरकंदला निघालो. ताशी अडीचशे किलोमीटरपर्यंत पळणारी गाडी, दोन तासांत पोचवते. खिडकीतून कापसाची शेतं बघत बसावं असा माझा साधा बेत होता. समोर एक आजी येऊन बसल्या. अंगात अत्लस रेशमाचा रंगीबेरंगी झगा, डोक्याला रुमाल, आणि हसल्या की वरची अख्खी रांग सोन्याची. आपण सोनं लॉकरमध्ये ठेवतो आणि कुणाला दाखवता येत नाही म्हणून हळहळतो. आजींनी तो प्रश्न कायमचा निकालात काढला होता.

"हिंदिस्तोन?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं मात्र, शेजारच्या नातीनं फोनवर भाषांतराचं ॲप उघडलं आणि माझी जबानी सुरू झाली. मुलं किती? एकच? का? नवरा कुठाय? घरी? मग त्याला जेवायला कोण घालतं? टिकली खरी आहे का? (आजींनी ती बोटानं दाबून बघितली. वन्संनी लगेच पर्समधून पाकीट काढून त्यांच्या कपाळी एक चिकटवली.) इथवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग आजींनी वन्संकडे बोट केलं. ही कोण?

"नवऱ्याची बहीण."

नातीनं वाचून दाखवलं. आजींचे सोन्याचे दात एकदम दिसेनासे झाले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पलीकडच्या बाकावरच्या दोघींना बातमी दिली. त्या उठून बघायला आल्या. माझ्याकडे नाही, वन्संकडे. त्यातल्या एकीनं मला अक्रोड आणि मनुका दिल्या आणि पाठीवरून हात फिरवला. वन्संना काही दिलं नाही.

"वहिनी, काय सांगितलंत तुम्ही यांना?"

"नातं सांगितलं फक्त."

उतरताना आजींनी दुसऱ्या दिवशीचं आमंत्रण दिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मला सोडवायला निघाल्यासारखाच त्यांचा आवेश होता.

समरकंदच्या रेगिस्तान चौकातल्या तिन्ही मदरशांसमोर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. आमची गेली नाही, कारण सगळा वेळ लोकांच्या फोटोंत उभं राहण्यात गेला. लग्नाचं एक वऱ्हाड, शाळेची एक सहल आणि छातीवर पदकं लावलेले एक आजोबा, इतक्यांच्या अल्बममध्ये आम्ही आता आहोत. मला मदरशांची फक्त फरशी आठवते.

आजींच्या घरी दस्तरखान अंथरलेलं होतं. खरबुजं, द्राक्षं, डाळिंबं, मिठाया, आणि मधोमध समरकंदची ती जाड, चकचकीत नान. वन्संनी एक तुकडा पालथा ठेवला, तो आजींनी न बोलता सुलटा केला. नान पालथी ठेवणं तिथे बरं दिसत नाही. आजींच्या डोळ्यांत मात्र स्पष्ट दिसलं: ही नणंद, हिच्याकडून काय अपेक्षा करणार! बसताना त्या मुद्दाम आमच्या दोघींच्या मधे बसल्या. पुलाव आला. वन्सं मांस खात नाहीत हे सांगून झालं होतं, म्हणून त्यांच्या ताटलीतले मटणाचे तुकडे उचलून माझ्या ताटलीत घातलेले होते. भात मात्र चरबीतच शिजलेला. वन्सं डाळिंबाकडे वळल्या.

मग चहा. आजींनी हिरवा चहा वाटीत ओतला, परत किटलीत ओतला, असं तीनदा केलं आणि चौथ्यांदा वन्संच्या हातात दिला. तळाला दोन घोट.

"वहिनी, एवढासा? भरून द्यायला सांगा ना."

"अहो, नको! वाटी भरून दिली म्हणजे प्या आणि निघा. कमी दिला म्हणजे मान."

"मग निघायचं असेल तर काय करायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजी सारख्या उठून दोन-दोन घोट ओतत राहिल्या. बाहेर अंधार पडला. मान इतका झाला की पाय वळले.

शेवटी वन्सं हात धुवायला उठल्या. त्या दाराआड जाताच आजी माझ्याजवळ सरकल्या. नात तेव्हा स्वयंपाकघरात होती, म्हणून मी माझ्याच फोनवर ॲप उघडून दिलं. त्या कुजबुजल्या आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "आता ती नाही. खरं सांग. त्रास देते?"

मी उत्तर बोलले. आजींनी ते ऐकलं, मला घट्ट मिठी मारली आणि निघताना एक अख्खी नान, दोन किलो मनुका आणि अंगावरची शाल मला दिली. वन्संना टिकलीबद्दल अक्रोड दिले, पण मोजून.

"असं काय सांगितलंत हो तुम्ही?" वन्संनी टॅक्सीत विचारलं. दादरला पोचल्यावर विचारलं. परवा मंगळागौरीला सगळ्यांदेखत विचारलं. मी मनुका पुढे केल्या. ॲपमधलं ते संभाषण तर मी त्याच रात्री पुसून टाकलंय.