नंबर जुळले म्हणून रायफल अस्सल ठरत नाही

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलींचे संग्राहक ज्या ‘गन शो’मध्ये, म्हणजे टेबलांवर बंदुका मांडून होणाऱ्या विक्री-प्रदर्शनांत, जमतात, तिथे आणि त्याबाहेरही एक दावा वर्षानुवर्षे तोंडोतोंडी फिरत आला आहे. त्याचा मथितार्थ असा: रायफलीवरचे सगळे नंबर जुळत असतील तर ती कारखान्यातून निघाली तशीच आहे, तिच्यावर आयातदाराचा शिक्का नसेल तर ती एखाद्या सैनिकाने युद्धभूमीवरून स्वतः आणलेली आहे, आणि असा माल आता बनतच नसल्यामुळे टेबलावरच्या चिठ्ठीवर आज दिसणारा आकडा पुढच्या वर्षी स्वस्त वाटेल. या दाव्यात निव्वळ खोटे थोडे आणि अर्धसत्य पुष्कळ आहे, आणि पैसे जातात ते बहुधा अर्धसत्यापायीच.

प्रथम नंबरांचा मुद्दा घेऊ. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी एम-वन गॅरंडच्या चिठ्ठीवर ‘सर्व नंबर जुळणारी’ असे लिहिलेले असेल, तर लिहिणाऱ्याला गॅरंड ठाऊक नाही किंवा गिऱ्हाईकाला ती ठाऊक नसेल अशी त्याची अपेक्षा आहे. या रायफलीचा अनुक्रमांक फक्त रिसीव्हरवर, म्हणजे बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या मुख्य सांगाड्यावर, असतो. बोल्टवर (काडतूस बॅरलमध्ये ढकलणाऱ्या सरकत्या भागावर) आणि इतर भागांवर जे आकडे दिसतात ते त्या भागाच्या आराखड्याचे क्रमांक असून लाखो रायफलींवर तेच आढळतात. त्यामुळे जुळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा सुमारे ५४ लाख रायफली बनल्या आणि युद्धानंतर त्यांतील बहुसंख्य सरकारी शस्त्रागारांत खोलून, भाग बदलून पुन्हा जोडल्या गेल्या. पाहायचेच असेल तर बॅरलवर ठोकलेला महिना आणि वर्ष पाहावे. रिसीव्हर १९४२ चा आणि बॅरल १९५० च्या दशकातले असेल, तर ती रायफल चांगली असू शकते, गोळीही अचूक मारू शकते, पण ‘नॉर्मंडीला उतरली तशीच’ हे वर्णन तिला लागू पडत नाही.

जर्मन माउझर के-९८-के या रायफलीबाबत मात्र नंबरांना खरोखर अर्थ आहे, कारण तिच्या अनेक भागांवर अनुक्रमांक किंवा त्याचे शेवटचे अंक कारखान्यातच ठोकलेले असत. नेमका याच ठिकाणी सर्वांत मोठा घोळ होतो. सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेल्या माउझर युद्धानंतर खोलल्या गेल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, नव्याने काळे रंगकाम झाले आणि जोडणीनंतर बोल्टसारख्या भागांवर रिसीव्हरचा नंबर पुन्हा टाकण्यात आला, बऱ्याचदा विजेच्या लेखणीने खरडून. अशी रायफलही ‘जुळते’. मात्र ते जुळणे जर्मन कारखान्यातले नसून सोव्हिएत दुरुस्तीखान्यातले असते. रिसीव्हरवरची फुलीची खूण, दस्त्यावरचा चकाकता लाखेचा थर आणि मूळ नंबर खोडल्याच्या खुणा टेबलाशी उभ्याउभ्या दिसतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे मागाहून ठोकलेल्या एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, खुणा. या दोन अक्षरांनी भाव अनेक पटींनी चढतो, आणि त्यांचे शिक्के बनवणे मुळीच अवघड नाही.

दुसरा मुद्दा आयातीच्या शिक्क्याचा आहे आणि तो इतिहास पाहताच कोसळतो. १९५० च्या दशकापासून सॅम्युएल कमिंग्ज यांच्या इंटरआर्मको कंपनीने आणि तिच्यासारख्या इतरांनी युरोपातील लष्करांच्या जुन्या रायफली मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत आणल्या आणि त्या टपालानेही विकल्या जात. केनेडी यांच्या हत्येतील इटालियन कार्कानो १९६३ मध्ये दुर्बिणीसह १९.९५ डॉलरला टपालाने मागवलेली होती, ती याच लाटेतली. १९६८ च्या कायद्याने ही आयात थोपवली, १९८४ मध्ये संग्रहमूल्याच्या शस्त्रांसाठी ती पुन्हा खुली झाली, आणि आज ठळकपणे दिसणारे आयातदारांचे शिक्के प्रामुख्याने त्यानंतरच्या मालावर आहेत. म्हणजे शिक्का नसलेली रायफल बहुतेक वेळा एवढेच सांगते की ती १९६८ पूर्वी आली. ती आजोबांच्या पिशवीतून आली की गोदामातून, हे ती सांगत नाही. शिवाय शिक्का घासून काढता येतो आणि त्या जागी खोलगट चट्टा राहतो. सैनिकाने खरोखर आणलेल्या शस्त्रासोबत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचे परवानगीपत्र असू शकते, परंतु त्यावरचे वर्णन हातातल्या रायफलीशी जुळले पाहिजे.

आपल्याला जवळचे उदाहरण ईशापूरचे. मराठी माणसाला पोलिसांच्या खांद्यावरची ‘थ्री नॉट थ्री’ पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तिच्याबद्दल किती लिहिले गेले हे सर्वांना आठवत असेल. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच घडणीची, परंतु ७.६२ मिलिमीटर काडतुसाची टू-ए आणि पुढे टू-ए-वन ही रायफल नव्याने बनवली. अमेरिकेतील टेबलांवर हिच्याविषयी दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच दिवशी ऐकायला मिळतात. एक विक्रेता तिला महायुद्धातील ब्रिटिश रायफल म्हणून विकतो, तर दुसरा ‘जुन्या ३०३ ला भोक पाडून केलेली, म्हणून धोकादायक’ म्हणून नाक मुरडतो. ती जुन्या रायफलीची फेरफार केलेली आवृत्ती नाही. अधिक दाबाच्या काडतुसासाठी अधिक मजबूत पोलाद वापरून ती मुळापासून घडवलेली आहे. दहाऐवजी बारा गोळ्यांचे चौकोनी मॅगझीन, आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर) ही अक्षरे आणि १९६० च्या दशकातले किंवा त्यानंतरचे वर्ष एवढे पाहिले तरी महायुद्धाची कथा संपते. यांतील काही रायफली अमेरिकेत कापून आखूड करून ‘जंगल कार्बाइन’ (कार्बाइन म्हणजे आखूड रायफल) म्हणून विकण्यात आल्या. खरी ब्रिटिश नंबर पाच कार्बाइन १९४४ ते १९४७ या काळात बनली, ती ३०३ ची होती, आणि ‘जंगल कार्बाइन’ हे तिचे अधिकृत नाव नव्हते; ते शब्द ज्या शस्त्रावर कोरलेले आहेत ते मागाहून केलेले रूपांतर समजावे.

खैबर खिंडीच्या परिसरातील हातघडणीच्या नकलांबद्दल थोडक्यातच सांगता येईल. व्हिक्टोरिया राणीचे निधन १९०१ मध्ये झाले, त्यामुळे तिच्या आद्याक्षरांशेजारी १९०७ हे साल ठोकलेली ‘ब्रिटिश’ रायफल कोणाच्या ऐरणीवर घडली याचा तर्क करायला तज्ज्ञ लागत नाही.

राहिला भावाचा प्रश्न. रशियन मोसिन-नागान २००० च्या दशकात शंभर डॉलरच्या आत मिळत असे आणि आज तिला कित्येक पट मोजावे लागतात, हे खरे आहे. पण ती दुर्मीळ झाली म्हणून नव्हे, कारण अशा कोट्यवधी रायफली बनलेल्या आहेत. पुरवठ्याची वाट अडली म्हणून भाव चढला, आणि अडलेली वाट मोकळीही होते. २०१८ मध्ये फिलिपिन्समधून सुमारे ८६ हजार आणि तुर्कस्तानातून सुमारे १३ हजार गॅरंड अमेरिकेत परतल्या. त्या ज्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेकडे आल्या, ती संस्था रायफलींच्या प्रत्येक दर्जाची अवस्था जाहीर करून ठरलेल्या किमतीला रायफली विकते. तेव्हा शस्त्रागारात भाग बदललेल्या साध्या गॅरंडसाठी टेबलावर मागितलेली रक्कम त्या किमतीच्या किती वर आहे, हे खरेदीदाराला फोनवर क्षणात पाहता येते. वरचा पैसा रायफलीच्या इतिहासापोटी मागितला जात असेल, तर तो इतिहास विक्रेत्याने बिलावर सहीनिशी लिहून द्यावा अशी मागणी करण्यात काहीच गैर नाही, आणि नकार मिळाला तर घासाघीस त्या साध्या किमतीपासून सुरू करावी.